डब्यातला पंखा आणि बुधरी आत्याची गोष्ट

पंखा म्हटलं की माणूस मान वर करून छताकडे पाहतो. माझे पंखे छतावर नसतात. ते कॉम्प्युटरच्या डब्यात असतात, तळहातावर मावतील एवढे, आणि माझ्या कामाची बहुतेक वर्षं त्यांच्यामागे गेली. लग्नाकार्यात कोणी विचारलं, "तुमी काय करता वो बाई?" आणि मी सांगितलं, "कॉम्प्युटर दुरुस्त करते," की समोरच्या बाईला वाटायचं, मी टायपिंग शिकवते. पुढे पुढे मी ते समजावायचंही सोडून दिलं.

मी सावली तालुक्यातली, धानाची शेती करणाऱ्या घरातली. चंद्रपूरला कोर्स केला, तिथेच एका दुकानात कामाला लागले आणि नंतर स्वतःचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक आत यायचं, माझ्या डोक्यावरून मागच्या पडद्याकडे पाहायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठी गेला?" मी म्हणायचे, "जेवाले गेला. तोवर मी पाहून घेते." डबा दुरुस्त होऊन गिऱ्हाईक परत जाईपर्यंत तो मिस्त्री काही जेवून यायचा नाही. काही लोक वर्षानुवर्षं त्याची चौकशी करत होते.

ज्यांनी हा डबा कधी उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटर काम करतो तेव्हा तापतो. ती गरमी बाहेर काढली नाही तर तो स्वतःला वाचवण्यासाठी फट्‌कन बंद पडतो. म्हणून समोरचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो आणि मागचा आतली गरम हवा बाहेर फेकतो. मधे, जिथे सगळ्यात जास्त तापतं, त्या चिपच्या डोक्यावर तिसरा पंखा. बस, एवढंच. पण आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेरची हवाच तव्यावरून आल्यासारखी असते. त्यात धूळ, कोळसा, राइस मिलचा कोंडा, चुलीची राख. पंख्यात अडकून मेलेली पाल मी इतक्या वेळा काढली आहे की आता किळसही येत नाही.

हवा कुठून कुठे जाते हे डोळ्यांना दिसत नाही. मी त्यासाठी उदबत्ती वापरायचे. डब्यासमोर उदबत्ती धरायची, धूर समोरून आत शिरून मागून निघाला की पंखे नीट बसलेत. माजरीला कोळशाच्या ट्रकांचा एक खाजगी वजनकाटा होता, तिथल्या खोलीत मी पहिल्यांदा उदबत्ती पेटवली तेव्हा काटाबाबूंनी चपला काढल्या आणि हात जोडून उभे राहिले. मला हसू आवरेना. त्यांच्या डब्याचं दुखणं वेगळंच होतं. मशीन तापतं म्हणून त्यांनी समोरच्या जाळीवर ओलं फडकं बांधलं होतं. "कूलर जैसा किया, बाई," ते अभिमानानं म्हणाले. फडक्यावर कोळशाची भुकटी बसून त्याचा पापड झाला होता आणि पंखा त्यामागे श्वास कोंडल्यासारखा घरघरत होता. फडकं सोडलं, पंखे बदलले, जाळीवर धुता येईल अशी बारीक चाळणी लावून दिली. निघताना त्यांनी विचारलं, "और पूजा कितने दिन बाद करनी है?" मी म्हटलं, "जाळी धुवाल तेव्हा."

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ सांगता येतील. पण मला सांगायचं आहे ते एटापल्लीच्या रैनू मडावीबद्दल.

त्याचा पहिला फोन आला तो मे महिन्याच्या शेवटी. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "बाई, मी बोलत नाई. तुमी मशीनच आयका." त्यानं फोन डब्याजवळ धरला. मी ऐकलं. एक पंखा दगड घासल्यासारखा खरखरत होता, थांबायचं नाव नाही. दुसरा मधेच चढायचा, मग उतरायचा, पुन्हा चढायचा.

तो परत फोनवर आला. "दोन आवाज आहेत न? खरखर मागच्याची आहे. चढउतर मधल्याची."

"तुमाले कसं समजलं?" मी विचारलं. गिऱ्हाईक सहसा एवढंच सांगतं की आवाज येतो.

"मले दिसत नाई, बाई. मंग कानानंच पाहा लागते."

रैनूची हकीकत मला नंतर कळली. तो पूर्वी लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकर लावायचा. काचबिंदूनं हळूहळू नजर गेली. पण आवाजाचं काम त्यानं सोडलं नाही. एका ओळखीच्यानं त्याला जुना कॉम्प्युटर दिला, त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय बसवून दिली, आणि तो कळफलकावर बोटांनी आणि कानांनी सफाईनं काम करायला शिकला. आपल्या माडिया बोलीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी तो रेकॉर्ड करायचा आणि आसपासच्या अंगणवाड्यांना द्यायचा. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "मी शाळेत गेलो त मास्तर काय बोलून राह्यला ते दोन वर्ष समजलंच नाई. मी मुका आहे असं वाटलं त्याले. लहान पोरांले पयले आपली बोली कानावर पडली पाह्यजे, मंग बाकीच्या पडू द्या."

त्याची आत्या, बुधरी, नदीपलीकडच्या गावात राहायची. तिच्याजवळ एक लांबलचक गोष्ट होती, जी रैनूनं लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकली होती. तशी पूर्ण गोष्ट सांगणारं दुसरं कोणी राहिलं नव्हतं. हिवाळ्यात ती आली होती, सांगायला बसली होती, आणि गोष्ट भरात असताना मशीन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. जे रेकॉर्ड झालं होतं तेही गेलं. आत्या उठली आणि घरी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली की ज्याला ऐकायचं नाही त्याला मी सांगत नाही.

"मोबाईलवर काऊन नाई केलं?" मी विचारलं.

"केलं होतं. तिचा आवाज लय बारीक आहे, बाई. मोबाईल त्याले गिळून टाकते. चांगला माईक याच मशीनले लागते." मग म्हणाला, "तेंदूपानाचं काम झालं. आता ती दवाखान्यासाठी येणार आहे, दोन दिस राहीन. मी लय विनवलं तवा हो म्हणाली. पाऊस लागला का नदी भरते, मंग रस्ता बंद. आणि तिचे गुडघे आता... पुढच्या साली येईन का नाई, कोण सांगावं."

मी पिशवीत पंखे, धूळ उडवायचा ब्लोअर आणि पेच काढायचा पेचकस घातले आणि आष्टीवरून आलापल्लीची गाडी धरली. आलापल्लीपासून पुढे जंगल सुरू झालं की खिडकीतून येणारी हवा जरा बरी लागते. तेवढाच त्या प्रवासातला आराम.

रैनूचं घर मातीचं, कवेलूच्या छपराचं. आत थंड होतं. त्याची बायको सुमन पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, याले आधी दुरुस्त करा. दिवसभर त्या डब्ब्यासंगच भांडत राह्यते."

डबा उघडला. चिपवरच्या पंख्याखाली राखेची आणि धुळीची गादी बसली होती. ते अपेक्षितच होतं. पण मागचा पंखा पाहिला आणि थांबले. तो उलटा बसवलेला होता. बाहेरची हवा आत फेकत होता. समोरचाही आत, मागचाही आत. गरम हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती.

"हा कोणी बसवला?"

"मीच," रैनू म्हणाला. "जुना मेला होता. बाजारातून आणला, हातानं चाचपून लावला. वारा आत गेला पाह्यजे न?"

चूक त्याची नव्हती. डोळे असलेले लोकही हेच करतात. मी त्याला सांगितलं की पंख्याच्या चौकटीच्या बाजूला एक बाण असतो, हवा कोणत्या दिशेनं जाणार ते दाखवणारा. तो बाण प्लास्टिकमध्येच उठावाचा असतो. इतकी वर्षं मी तो डोळ्यांनी पाहत आले होते. रैनूनं नवा पंखा हातात घेतला, कडेवरून नख फिरवलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"हा बाण कोणी तरी माह्यासाठीच काढून ठेवला होता, आणि मले आज समजून राह्यलं," तो म्हणाला. मागचा पंखा मग त्यानंच बसवला. मी फक्त पेच हातात देत होते. पंख्याचे पेच जाड असतात, पहिल्यांदा फिरवताना हाताला कळ लागते. त्यानं चारही पेच बसवले आणि चौकट हलवून पाहिली. पक्की होती.

आता वेग. काढलेल्या मागच्या पंख्याच्या वायरीला तीन टोकं होती आणि डब्यातल्या मुख्य बोर्डाची सेटिंग चार टोकांच्या पंख्याची होती. असं झालं की तीन टोकांचा पंखा कोणाचंच ऐकत नाही, नुसता जीव तोडून पळत राहतो. म्हणूनच तो इतक्या लवकर खरखरायला लागला होता. मी चार टोकांचे पंखे आणले होते; धूळ उडवून उरलेले दोनही बदलले. गरमी कमी तर वेग कमी, गरमी वाढली की वेग वाढेल, अशी सेटिंग केली आणि ती शक्य तितकी मंद ठेवली. खोली एकदम शांत झाली. मला माझ्या कामाचा अशा वेळी फार अभिमान वाटतो. मी रैनूकडे पाहिलं.

त्याचा चेहरा पडला होता. "बंद पडलं काय?"

"चालू आहे न. आवाजच नाई एवढं चांगलं चालून राह्यलं."

त्यानं मागे हात नेला, तळव्याला वारा लागला, मग मान डोलावली. पण समाधान झालं नव्हतं. "बाई, तुमाले त्याचा दिवा दिसते. मले त्याचा आवाजच दिवा होता."

मी असा विचार कधी केलाच नव्हता. आवाज म्हणजे तक्रार, आणि तक्रार मिटवणं म्हणजे माझं काम, एवढंच मला माहीत होतं. त्याला म्हटलं, "आधी आत्याची गोष्ट होऊ द्या. मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधरी आत्या आली. अंगानं काटकुळी, कपाळावर गोंदण, गुडघ्याला कुठल्याशा पाल्याचा लेप. मी "जोहार" म्हटलं. तिनं माझा हात हातात घेऊन बोटं उलटसुलट पाहिली आणि रैनूला काही विचारलं. तो हसला. "म्हणते, या बाईचे हात शेतकरणीसारखे आहेत, मंग ही डब्ब्याजवळ काय करून राह्यली?"

सुमननं छताचा पंखा बंद केला, दार लोटून घेतलं. घामाच्या धारा लागल्या. रैनूनं माईक आत्याजवळ सरकवला, कानाला हेडफोन लावला, आणि आत्यानं सुरुवात केली. आवाज खरंच बारीक होता, पण एकदा सुरू झाला की दुसरीकडे लक्ष जाऊ देत नव्हता.

थोडा वेळ गेला. खोली तापत होती. चिप तापली, आणि मी केलेल्या सेटिंगप्रमाणे पंखा हळूच चढला. आत्या थांबली.

पंखा उतरला. आत्या बोलू लागली. पंखा पुन्हा चढला. आत्या पुन्हा थांबली, ओठ मिटून, डब्याकडे पाहत.

रैनूनं हेडफोन काढला आणि माडियात काही विचारलं. आत्यानं शांतपणे उत्तर दिलं. त्याला हसावं की रडावं कळेना. "बाई, ती म्हणते, ते बोलून राह्यलं, मंग मी मधात कशी बोलू? त्याचं होऊ द्या."

सुमन तोंडाला पदर लावून हसत होती. मला हसू आलं नाही. हिवाळ्यातही हेच झालं असणार. मशीन बंद पडण्याच्या आधीपासून ते तिच्या बोलण्यात तोंड घालत होतं. मोठ्या माणसाचा मान राखावा तसा ती त्याचा मान राखत होती, आणि ते काही ऐकून घ्यायला तयार नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या बाजूनं विचार करत होते. शांतता तिला नको होती, रैनूलाही नको होती. एकसारखा आवाज असला तर कान त्याला विसरून जातो, पाटाच्या पाण्याला विसरतो तसा. त्रास देतो तो मधेच बदलणारा आवाज. मी सेटिंग पुन्हा उघडली. चढणं-उतरणं काढून टाकलं. तिन्ही पंखे एका ठरावीक मध्यम वेगावर बांधून टाकले, गरमी असो नसो. डब्यातून एक बारीक, एकसुरी गुणगुण यायला लागली.

रैनूनं मान वर केली. "हां," तो म्हणाला. "आता आहे ते."

पण एक धाकधूक होती. पंख्याला वेग बांधून दिला म्हणजे गरमी वाढली तरी तो मदतीला धावणार नाही. जून लागला होता, खोली बंद, छताचा पंखा बंद, मशीन जुनं. ते मर्यादेपलीकडे तापलं तर पुन्हा फट्‌कन बंद पडणार होतं, आणि यावेळी आत्या परत बसली नसती. मी पडद्यावर गरमीचा आकडा उघडून ठेवला आणि माउसवर हात ठेवून बसले. आकडा फार चढला तर हातानं वेग वाढवायचा, आवाज येईल तर येवो.

रैनूनं आत्याला सांगितलं, "आता ते मधात बोलणार नाई. आयकून राह्यलं." तिनं डब्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

मला माडिया येत नाही. गोष्ट कशाची आहे ते मला कळत नव्हतं. कुठे तरी कोणाला हाक मारत होती, कुठे प्राण्याचा आवाज काढत होती, एकदा स्वतःच हसली. मी आकडा पाहत होते. तो चढत होता. एकेक करून, पण चढत होता. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात उचलायची हिंमत नव्हती, कारण खुर्ची करकरते.

मग रैनूकडे नजर गेली. त्यानं खाटेची कड घट्ट धरली होती, जबडा आवळला होता. मला न सांगता समजलं, हिवाळ्यात गोष्ट इथेच तुटली होती. आत्याचा आवाज आणखी खाली गेला, जवळजवळ कुजबुजीवर. आकडा आणखी एकानं वर गेला. माझं बोट माउसच्या बटणावर होतं. वाढवलं असतं तर ती थांबली असती.

मी वाढवलं नाही. आकडा तिथेच राहिला. जरा वेळानं एकानं खाली आला, पुन्हा वर, आणि तिथेच खेळत राहिला. नवे पंखे जेवढी गरमी आत येत होती तेवढी बाहेर काढत होते. मी पंखे बसवायला लागले त्या दिवसापासून मला माहीत आहे की असं होतं. तरी तेव्हा कुठे मी बटणावरचं बोट उचललं.

रैनूची बोटं खाटेच्या कडेवरून सुटली. आत्या पुढे निघून गेली होती. तिनं गोष्ट पूर्ण केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पाणी मागितलं.

सुमननं दार उघडलं. वाऱ्याची झुळूक आत आली, ती गरमच होती, पण आम्ही सगळ्यांनी ती अंगावर घेतली. रैनूनं रेकॉर्डिंग लावलं. स्पीकरमधून आत्याचा आवाज आला तसा तिनं मागे वळून पाहिलं, कोण बोलतंय म्हणून. मग ओळखलं. थोडा वेळ ऐकत राहिली आणि एका ठिकाणी स्पीकरला चांगलंच झापलं. रैनू म्हणाला, "म्हणते, असं घाईनं नाई सांगाचं. इथी थांबा लागते." तिनंच तर सांगितलं होतं! नंतर स्पीकर बोलत होता आणि त्याच्या जोडीनं आत्याही तेच बोलत होती, दोघी एकदम.

पाठीमागे पंख्याची गुणगुण होतीच. रैनू म्हणाला की एकसारखा आवाज रेकॉर्डिंगमधून नंतर काढून टाकता येतो, चढउताराचा असला तर निघत नाही. त्यानं एक प्रत तशी साफ करून अंगणवाड्यांसाठी ठेवली. पंख्यांची सेटिंग मात्र मी परत बदलायची नाही असं त्यानं मला बजावून सांगितलं.

पाऊस लागला, नदी भरली, रस्ता बंद झाला. त्या पावसाळ्यानंतर मी दुकान हळूहळू आवरतं घेतलं. आता लोक लॅपटॉप वापरतात, मोबाईल वापरतात. त्यांचे डबे उघडत नाहीत, उघडले तरी आत हात घालायला जागा नसते. बिघडलं की टाकतात. मला त्याचं थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. मागचे चार पेच काढून आत काय चाललं आहे ते पाहण्यात एक सुख होतं.

दिवाळीच्या आसपास रैनूचा फोन आला. आत्या कोणी न बोलावता आली होती. शेजारच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत तिची गोष्ट लागली होती, पोरं तिच्यासारखा प्राण्याचा आवाज काढत फिरत होती, आणि ती बातमी नदीपलीकडे तिच्या कानावर गेली होती. आता आणखी एक गोष्ट आहे म्हणे.

मी रैनूला म्हटलं, "ते सगळं ठीक आहे. पण पयल्या गोष्टीत होतं काय, ते तुमी मले अजून सांगतलंच नाई."

त्यानं आत्याला विचारलं. फोनवर मला तिचा बारीक आवाज ऐकू आला, मग रैनूचं हसणं. "ती म्हणते, फोनवर नाई. त्या दिवशी ती बाई डब्ब्याकडेच पाहत होती. गोष्ट पाह्यजे त इथी येऊन बसावं, माह्याकडे पाहून."

मग मी गेले. पिशवीत एक लुगडं आणि थोडे चिवडा-लाडू होते, पेचकस नव्हता. आत्यानं आधी मला भाजी-भाकर खायला लावली, ताट रिकामं झाल्याशिवाय बोलायलाच तयार नाही. मग तिनं मला अंगणात स्वतःसमोर बसवलं, इतकं जवळ की आमचे गुडघे लागत होते. रैनू बाजूला बसला, मराठीत सांगायला. ती सुरू झाली, आणि दोन वाक्यांतच तिनं त्याला हातानं थांबवलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, तू मधात बोलू नको," रैनू म्हणाला. "हिले समजून राह्यलं."

मला एकही शब्द समजत नव्हता. मी मान डोलावली आणि ऐकत राहिले.